सतरावी ओळ

बदलीचं पत्र वरून आलं.
वरून म्हणजे देवाकडून का, आईनं विचारलं.
नाही हो दुर्गव्वा, मदर प्रोव्हिन्शियलकडून,
देव एवढ्या लवकर कळवत नाही,
म्हणाली सिस्टर इग्नासिया
आणि डब्यातल्या गोळ्या मोजायला बसली.

एक पत्र्याची पेटी, एक छत्री.
तेरा वर्षांत तिसरी वस्तू जमली नाही तिच्याकडे.
चपला मात्र खाणीच्या खडीवर
वर्षाला तीन जोड जायच्या.
हिचा नवरा कधी दिसत नाही,
पण हिला फिरवतो फार,
असं आमच्या चाळीतल्या बायका म्हणायच्या
आणि तीही हसायची, राखाडी पदर तोंडाला लावून.

मी तेव्हा नऊ वर्षांची.
तुर्भ्याच्या खाणीत दुपारी सुरुंग लागायचा,
फळीवरची भांडी थरथरायची
आणि मग भाकरीसुद्धा झटकून खावी लागे.
धुळीचा खोकला कुठला, टीबीचा कुठला,
हे ऐकायला ती कान लावायची
थेट पाठीला.
स्टेथोस्कोपची नळी उंदरांनी खाल्ली होती.

गोळी समोर गिळायची.
तिचा हा एकच धर्म आम्हाला ठाऊक.
मळमळतंय म्हटलं की पिशवीतून सुकेळी निघायची,
गिरीजहून भावानं पाठवलेली,
सोपटात बांधलेली, मधाच्या रंगाची.
बोटाच्या पेराएवढा तुकडा, जास्त नाही.
आम्ही काही पोरं खोटंच खोकायचो.
तिला कळायचं.
तुकडा द्यायची, आणि त्याच चिकट हातानं
कानही पिळायची.

एकदा चारजण मोटरसायकलींवर आले.
इथं धर्म बदलता का, म्हणाले.
बसा, ती म्हणाली, पाणी देता येणार नाही,
टँकर अकराला येतो.
तेवढ्यात त्यांच्यातला एक खोकला.
तिनं वहीतून मान वर केली:
किती दिवस झाले?
गुरुवारी तो एकटाच आला,
थुंकीची डबी रुमालात लपवून.

सिद्राममामा रजिस्टरात सतरावा.
दोन महिन्यांत अंगावर मांस चढलं
तशा त्यानं गोळ्या सोडल्या.
ती रोज जायची. त्यानं आतून कडी लावली.
दाराबाहेर उभी राहून ती भांडली त्याच्याशी,
शिवी नाही दिली,
पण शिवीच्या उंबऱ्यापर्यंत जाऊन आली.
चैत्रात मामा गेला.
आमच्यात बायका मसणात जात नाहीत.
ती आली. लांब, बंद क्रशरच्या पट्ट्याखाली
थांबली. क्रूस केला नाही, ओठ हलवले नाहीत,
मुठीत त्या दिवसाची गोळी.

त्याची ओळ तिनं कधी बंद केली नाही.
वही भरली की नव्या वहीत उतरवायची,
सतरा, सिद्राम यल्लाप्पा,
आणि पुढचे सगळे चौकोन कोरे.
पालिकेचे डॉक्टर चिडले,
मेलेल्या माणसाला कशाला जागा?
ती म्हणाली, चूक माझी आहे,
मग ती कुठं ठेवू?

जीप सकाळीच आली.
आईनं खलबत्ता दिला, तिच्या हातचा, काळ्या दगडाचा.
घेता येत नाही हो आम्हाला, ती म्हणाली,
आणि घेतला.
जीप वळली तरी दिसत होतं,
मांडीवर तो धरलाय,
झोपलेल्या पोराला धरावं तसा.

आता सिस्टर फुलमनी आहे, गुमल्याची,
माझ्याहून दोनच वर्षांनी मोठी.
खोकल्याला खोखला म्हणते
आणि फारसं चुकत नाही.
सुकेळी संपली. मी गुळाचा खडा देते,
पोरं नाक मुरडतात.

काल नवी वही आखली.
सतराव्या ओळीवर तिचं बोट थांबलं.
हे येत नाही?
नाही, म्हटलं. मामा माझा.
पुढं सांगायचं होतं ते सांगितलं नाही.
तिनं थोडा वेळ माझ्याकडे पाहिलं,
मग सावकाश, अक्षर अक्षर जुळवत
नाव उतरवलं, वेलांटी चुकवून,
आणि पेनाला टोपण लावत म्हणाली,
चल, टँकर आला.